कोरडा कोळसा

लूडर डामानच्या साखरखान्यातून कोळशाच्या चार पिंपांचा निरोप आला तेव्हा गेशेने हातातली चाळण खाली ठेवली, आधी पोरीच्या टोपलीत डोकावून पाहिलं आणि मग विचारलं, "कधी हवाय म्हणे?"

"गुरुवारी सकाळी," आल्हाइटमावशी म्हणाली. "कोर्टाने नेमलेला कुणी रसायनवाला येणारे. लूडरच्या पेटंटावर बाकीच्या साखरखान्यांनी हरकत घेतलीय ना! म्हणतात, तुझ्या कागदात लिहिलंय तसं अक्षरशः करून दाखव, मग मानू."

"अक्षरशः?"

"असं म्हणाला बाई निरोप्या. कागदाबाहेरचं काही करायचं नाही म्हणे."

गेशे हसली. दोन वर्षांत मावशीने तिला हसताना फारसं पाहिलं नव्हतं, आणि आत्ताचं हे हसू पाहून तिला काही बरं वाटलं नाही.

मावशीचा हा हाडांचा कारखाना लंडनमध्ये व्हाइटचॅपलच्या पार टोकाला होता. खाटिकखान्यातून बैलांची हाडं यायची, ती फोडून लोखंडी मडक्यांत भरायची, मडक्यांची तोंडं मातीने लिंपायची आणि दोन दिवस भट्टीत ठेवायची. हवा लागली नाही तर आत काळाकुळकुळीत कोळसा, लागली तर नुसती पांढरी राख. वास असा की रस्त्यावरची माणसं शालीने, टोपीने, हाताला येईल त्याने नाक दाबून पलीकडच्या बाजूने जायची. साखरखान्यातले काहिलीवरचे कारागीर तर या गल्लीत पाऊलही टाकत नसत. सगळे जर्मनीतल्या हॅनोव्हरकडच्या खेड्यांतून आलेले, पाकाची तार अंगठ्यावर ओळखणारे, साखर नाकाने जोखणारे. हाडांचा वास एकदा नाकात बसला की आठवडाभर पाक कळत नाही, असं ते मानत. लूडर डामानही मालक व्हायच्या आधी काहिलीवरच होता. त्यामुळे आपल्या कारखान्याला लागणारा कोळसा कोण करतं, कसा करतं, हे त्याने कधी येऊन पाहिलं नव्हतं.

गेशे नेमकी म्हणूनच इथे कामाला लागली होती.

तिचा नवरा हार्म ब्रुन्येस आणि लूडर एकाच गावचे, एकाच जहाजातून आलेले, एकाच काहिलीवर घाम गाळलेले. तेव्हा पाक साफ करायचा म्हणजे त्यात बैलाचं रक्त आणि चुना घालायचा, वर आलेली मळी झाऱ्याने काढायची आणि काढत बसायचं. तरी साखर पिवळी ती पिवळीच. हाडांचा कोळसा रंग ओढतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाक गार झाला की चिकट होऊन कोळशात अडकायचा. हार्मने डोकं लढवलं. दुहेरी भिंतीचं उंच तांब्याचं भांडं, दोन भिंतींच्या मध्ये वाफ खेळती, आत कोळशाचे दाणे. वरून ओतलेला पाक शेवटपर्यंत कढत राहणार आणि पातळ धारेने खाली उतरणार.

पहिलं भांडं त्यांच्या एका खोलीच्या घरात, चुलीवर झालं. सात वेळा फसलं. कधी पाक काळपट, कधी हाडांचा वास, कधी एका बाजूने पिवळाच्या पिवळा घळाघळा वाहून जायचा. सातव्या खेपेला हार्मने डोक्याला हात लावला तेव्हा गेशे म्हणाली, "अहो, भाजीसुद्धा न धुता पातेल्यात टाकत नाही आपण. द्या इकडे." तिने कोळसा घोड्याच्या केसांच्या चाळणीतून चाळून भुकटी काढून टाकली. गरम पाण्याने धुतला, पाणी जिभेवर लावून पाहिलं, पुन्हा धुतला. अकराव्या पाण्याला चव उरली नाही. मग ओलाच्या ओला भांड्यात घालून हाताने दाबला. आठव्या खेपेला जे खाली उतरलं ते ग्लासात धरून हार्म खिडकीपाशी गेला आणि तिथेच बसून रडायला लागला. झऱ्याचं पाणी असावं असा पाक होता.

हार्मने सगळं लिहून काढलं. भांड्याची उंची, भिंतींमधलं अंतर, वाफेची तोटी कुठे, पाक किती वेळात उतरतो. कोळशाच्या जागी त्याने दोनच शब्द लिहिले: 'हाडांचा कोळसा'. धुतलेला सदरा रोज सकाळी खुंटीवर सापडायचा, तसा कोळसाही त्याला तयारच हाताला लागत होता ना!

हार्मला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. लूडरला येत होतं. "आण तो कागद, मी करून देतो इंग्रजीत," लूडर म्हणाला. सहा आठवड्यांनी पेटंट निघालं, लूडर डामानच्या नावाने. हार्मने साखरखान्यात जाऊन आरडाओरडा केला. दुसऱ्याच दिवशी काम सुटताना दारावर झडती झाली आणि हार्मच्या कोटाच्या आत निळ्या कागदात गुंडाळलेला, निमुळत्या साच्यातल्या साखरेचा सुळका निघाला. काहिलीवर माणसं उघड्या अंगाने काम करतात, कोट दिवसभर खुंटीला असतो. त्यात कुणी काय घातलं ते घालणाऱ्यालाच ठाऊक. पण चोर तो चोर. कारागिरांच्या मदत मंडळाने हार्मचं नाव काढून टाकलं आणि एकाही साखरखान्याने त्याला दारात उभं केलं नाही. शेवटी तो तेजाबाच्या कारखान्यात लागला, शिशाच्या खोल्यांमध्ये, जिथल्या धुराने दात आधी जातात आणि फुप्फुसं मागून. सात महिने टिकला. मंडळातल्या एकानेही त्याला खांदा दिला नाही. पाच आठवड्यांनी टिबके जन्मली.

बाळंतपणातून उठल्यावर गेशेने पहिलं काम कुठलं केलं असेल, तर पोरीला कडेवर घेऊन पेटंटच्या कचेरीत गेली. तिथे कुणालाही कागद वाचता येतो. तिला इंग्रजी अडखळत येत होतं. तिने तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला लागली तेव्हा कारकुनाने पोरगी रडते म्हणून बाहेर काढलं. पण तोवर तिला हवं ते सापडलं होतं. लूडरने शब्दाला शब्द उतरवला होता. कोळशाच्या जागी दोनच शब्द होते.

हे तिने कुणाला सांगितलं असतं तर? काय राहिलंय ते लूडरने चार दिवसांत शोधून काढलं असतं. म्हणून ती मावशीकडे आली आणि लूडरच्या वाट्याचा कोळसा स्वतःच्या हाताने करू लागली. चाळलेला, अकरा पाण्यांचा. प्रत्येक पाण्याला ती लूडरचं नाव घ्यायची. त्याचं भांडं झकास चाललं. साखर पांढरी झाली, लूडर साखरखान्याचा मालक झाला, पेटंटाच्या जोरावर आणखी सहा साखरखान्यांच्या मानेवर बसला. आपल्या भांड्यात कसलाही कोळसा चालतो, असं त्याने कोर्टात शपथेवर लिहून दिलं. गेशे वाट पाहत होती. पिंपं ओली येतात म्हणून साखरखान्यात सगळे हसायचे, म्हातारी वजनाला पाणी मारते म्हणायचे. हसू देत, गेशे म्हणायची.

"म्हणजे आता तू काय घालणार आहेस त्या पिंपांत?" मावशीने घाबरत विचारलं. "हे बघ, कारखान्याचं नाव बद्दू झालं तर माझं कसं होणार?"

"काही घालणार नाही मावशी. सगळं लंडन विकतं तसा कोळसा देणार. भट्टीतून काढायचा, कुटायचा, पिंपात भरायचा. खोटं एक अक्षर नाही."

"आणि चाळण?"

"कागदात चाळण कुठाय?"

बुधवारी दुपारी लूडर स्वतः आला. नाकाला रुमाल, पायात चकचकीत बूट, चिखल चुकवत चुकवत. हाडांचा कोळसा साधाच असतो असं उद्या मावशीने सांगावं, एवढंच त्याला पढवायचं होतं. टोपलीत बसून हाडाच्या तुकड्याशी खेळणाऱ्या पोरीकडे त्याने पाहिलं, मग भट्टीपाशी वाकलेल्या बाईकडे, आणि रुमाल खाली आला.

"वहिनी?"

"बसायला काही नाही इथे, लूडरभावजी. उभ्यानेच बोला."

"तुम्ही... कधीपासून इथे?"

"तुमचं भांडं चालायला लागलं ना, तेव्हापासून."

लूडर काही मूर्ख नव्हता. त्याने भट्टीकडे पाहिलं, ओळीने ठेवलेल्या पाण्याच्या टिपांकडे पाहिलं, खुंटीवरच्या चाळणीकडे पाहिलं. गेशे त्याचे डोळे कुठे कुठे फिरतात ते बघत होती. पोरगी दुडूदुडू भट्टीकडे निघाली की बघते तशी.

"या कोळशाला तुम्ही काही करता का?" त्याने शेवटी विचारलं.

"काय करणार? तुमच्या कागदात काय लिहिलंय?"

पुढे विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं. तेही या बाईपाशी.

"वहिनी, झालं ते झालं," तो आवाज खाली आणून म्हणाला. "उद्या नेहमीसारखा माल पाठवा. मी मंडळात सांगतो. हार्मचं नाव परत चढवून घेतो. मंडळाचे म्होरके कोर्डकाका माझा शब्द मोडणार नाहीत. टिबके मोठी होईल, तिला चोराची पोर म्हणून कुणी हिणवायला नको."

रात्रंदिवस तिला हीच धास्ती होती. शेजारची मोठी पोरं आत्ताच टिबकेला जवळ येऊ देत नसत. तिने कोळशाने माखलेले हात पुसले.

"काय सांगाल मंडळात?"

"सांगेन, चूक झाली म्हणून."

"कुणाची?"

लूडरने बुटांकडे पाहिलं.

"नाही, सांगा ना. सुळका कोटात आपोआप चढला का? कुणाची चूक?"

"अहो, जुनं उकरून काय मिळणार तुम्हाला? समजून घ्या."

"समजलं," गेशे म्हणाली. "माल कागदाबरहुकूम येईल. जा आता, नाकात वास बसेल."

गुरुवारी सकाळी ती आणि मावशी पिंपांबरोबर साखरखान्यात गेल्या. टिबकेला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून ती मावशीच्या कडेवर. कोर्टाने नेमलेले डॉक्टर अर्डली वही उघडून बसले होते. हरकतवाले मालक एका बाजूला, काहिलीवरचे कारागीर दुसऱ्या बाजूला, त्यांच्या पुढे थोरला कारागीर आणि मंडळाचा म्होरक्या कोर्ड वोल्टमान. पिढ्यान् पिढ्या पाक पाहिल्यासारखा त्याचा अंगठा जाड आणि गुळगुळीत झाला होता. गेशेला पाहून त्याने मान वळवली.

पिंप फोडलं. कोर्डने हात घातला आणि खूश होऊन ओरडला, "मालक, या खेपेला म्हातारीने पाणी मारलं नाही बरं का! खडखडीत कोरडा माल!"

कारागीर हसले. लूडर हसला नाही. त्याने पिंपात वाकून पाहिलं, आणि वर आला तेव्हा ओठावर काळी भुकटी चिकटली होती.

"हा... हा थोडा ओला करून घेऊ," तो म्हणाला.

डॉक्टर अर्डलींनी वहीतून डोकं वर काढलं. "कागदात ते आहे का, मिस्टर डामान?"

"नाही, पण..."

"मग नको."

कोळसा ओतला तेव्हा काळा ढग उठला. दोन भिंतींमध्ये वाफ सोडली. भांडं खदखदलं, वरून कढत पाक ओतला. आधी काहीच आलं नाही. मग खालच्या तोटीतून पिवळा पाक घळाघळा आला, जसा वर घातला तसाच. कोरड्या दाण्यांमधून त्याने आपली वाट शोधली होती. मग तो करडा झाला, मग शाईसारखा, आणि मग धार बारीक होत होत थांबली. भुकटीने तळाचं गाळणीचं कापड बुजलं होतं. वरचा पाक फुगत काठावर आला आणि तांब्यावरून ओघळत लूडरच्या चकचकीत बुटांवर पडला.

हरकतवाल्यांपैकी एकजण खो खो हसला. "मिस्टर डामान, यातला एक कप चहात घालून द्या की आम्हाला!"

"माल खराब आहे!" लूडर ओरडला. "या बाईने मुद्दाम खराब माल आणलाय! हिचा माझ्यावर राग आहे!"

आता सगळे गेशेकडे बघत होते. ती या क्षणाची दोन वर्षं उजळणी करत होती. तिने पोरीकडे पाहिलं. पोरगी मावशीच्या केसांशी खेळत होती.

"माल चांगला आहे साहेब," ती डॉक्टरांना म्हणाली. "याच पिंपातला घेते. यांच्याच भांड्यात. तुम्ही समोर बसा. मला एक चाळण आणि गरम पाणी द्या फक्त."

डॉक्टरांना गंमत वाटली असावी. त्यांनी होकार दिला. भांडं धुवायला तासभर गेला. मग गेशे सगळ्यांच्या मधोमध गुडघ्यांवर बसली आणि चाळू लागली. घाई मुळीच केली नाही. पहिलं पाणी, दुसरं पाणी. प्रत्येक पाण्याला ती बोट बुडवून चाटायची आणि मग लूडरकडे बघायची. त्याला जाता येत नव्हतं, बसता येत नव्हतं. पाचव्या पाण्याला त्याने गळपट्टा सैल केला. आठव्याला डॉक्टरांनीही बोट बुडवून चव पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिलं. अकरावं पाणी तिने मुद्दाम लूडरपुढे धरलं.

"बघता का चाखून, भावजी?"

त्याने तोंड फिरवलं.

ओला कोळसा भांड्यात गेला, तळहाताने दाबला गेला, वाफ आली, पाक पडला. थोड्या वेळाने तोटीतून एक सरळ, बारीक, न तुटणारी धार उतरली. डॉक्टर अर्डलींनी ग्लास उजेडाकडे धरला. पलीकडची माणसं त्यातून दिसत होती.

"मिस्टर डामान," ते शांतपणे म्हणाले, "हे तुम्हाला ठाऊक असतं तर कागदात लिहिलं असतंत. ठाऊक नव्हतं, तर मग हे भांडं तुम्ही शोधलंत कसं?"

लूडरने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा त्या धारेकडे. आणि मग त्याचा तोल गेला. इंग्रजी सुटलं, गावाकडची बोली आली. तो गेशेवर धावून गेल्यासारखा ओरडला, "मला काय माहीत! हार्मनेच लिहिलं नव्हतं! त्याच्याच कागदात नव्हतं! मी तर जसं होतं तसं उतरवलं!"

काहिलीवर कुणाच्या तरी हातातून झारा पडला. पन्नासभर कारागीर, सगळ्यांना ती बोली आईच्या दुधाबरोबर मिळालेली.

"काय म्हणाले ते?" डॉक्टरांनी विचारलं. "कोणीतरी भाषांतर करा. तुम्ही, म्हातारबुवा."

कोर्ड वोल्टमानने आधी मालकाकडे पाहिलं, मग गेशेकडे. गेशेने त्याच्यावरची नजर हलवली नाही. म्हाताऱ्याने टोपी काढली, ती दोन्ही हातांत धरली आणि मोडक्या इंग्रजीत, शब्दाला शब्द, सांगितलं. कागद हार्म ब्रुन्येसचा होता. यांनी तो उतरवला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि कोर्डला खाली सही करायला लावली.

मग गेशेने चाळण कसली, पाणी किती कढत, किती वेळा, दाबायचं कसं, सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. हरकतवाले भराभर लिहून घेत होते. आता कुणीही करू शकत होतं. लूडरच्या हातात त्याचं असं काही उरलं नव्हतं, आणि ते त्याला कळेपर्यंत ती थांबली. त्याचा चेहरा पडत पडत अगदी म्हाताऱ्या माणसासारखा झाला, तेव्हाच तिने पोरीला मावशीकडून घेतलं.

फाटकाशी कोर्ड मागून धापा टाकत आला. "गेशे, थांब पोरी. आमची चूक झाली. मोठी चूक झाली. हार्मचं नाव आजच चढवतो. आणि रविवारी आम्ही सगळे, अख्खं मंडळ, त्याच्या थडग्यावर येतो. प्रार्थना करू."

"रविवारी नको."

"मग?"

"रविवारी तुम्ही मोकळेच असता, काका. हार्मला मंगळवारी पुरलं. मी तुमच्या दारात आले होते, आठवतंय? पोट हे एवढं. तुम्ही आतूनच म्हणालात, काहिली चढल्यात, उतरवता येत नाहीत."

कोर्डने टोपी चुरगाळली.

"मंगळवारी या," गेशे म्हणाली. "अकरा वाजता. काहिली उतरवून."

"सगळ्या? अगं, चढलेला पाक उतरवला तर वाया जातो तो! दहा साखरखान्यांचा पाक! मालक लोक आम्हाला..."

"जाऊ दे."

"गेशे, जरा विचार कर."

"दोन वर्षं केला काका."

मंगळवारी सकाळी व्हाइटचॅपलमध्ये अर्धवट उतरवलेल्या पाकाचा करपट वास पसरला होता. पोरगी त्या वासाने शिंकत होती. दफनभूमीत चाळीसएक माणसं आली, धुतलेले सदरे घालून, टोप्या हातात घेऊन, एकेक करत गेशेपुढे मान वाकवून पुढे सरकली. कोर्डने प्रार्थना म्हटली. काहीजण रडले. गेशे रडली नाही. पोरीला छातीशी धरून ती रांगेवरून शांतपणे नजर फिरवत होती, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत आणि परत. कोण कोण आलं नाही, ते बघत होती.